हिंगण्याची झोपडी ते चर्चगेटचे विद्यापीठ



आपल्या मंडळातल्या अनेक भगिनी लग्नाआधी मुंबईला किंवा पुण्याला 'एस.एन.डी.टी.'त शिकल्या आहेत. कोणी गृहविज्ञान केले, कोणी ग्रंथालयशास्त्र, कोणी नर्सिंग, तर कोणी संसार सांभाळून घरबसल्या बी.ए.ची परीक्षा दिली. पण ही चार अक्षरे कोणाची, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर 'ठाकरसी' या शब्दापाशी थांबते. आणि हे विद्यापीठ मुळात सरकारने काढलेलेच नाही, एका गणिताच्या प्राध्यापकाने गावाबाहेर बांधलेल्या झोपडीतून ते वाढले, हे सांगितले की पुष्कळांना आश्चर्य वाटते. म्हणून या अंकात त्या विद्यापीठाची हकीकत थोडक्यात सांगावी असे आम्ही ठरवले. आपण सारे पोटापाण्यासाठी दूर अहमदीत येऊन राहिलो आहोत आणि इथे राहून आपापल्या परीने काही लहान लहान कामे चालवतो आहोत. अशा आपल्याला या हकीकतीतून घेण्यासारखे बरेच आहे.

मुरुडचे धोंडोपंत

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली येथे झाला. त्यांचे गाव दापोली तालुक्यातले मुरुड. घरची गरिबी. लहानपणी एका सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते कुंभार्ली घाटातून पायी सातारला गेले. तिथे 'वय लहान दिसते' म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. पुढे मुंबईत शिकवण्या करून त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली गणित विषय घेऊन पदवी मिळवली. मुंबईत असतानाच त्यांनी 'मुरुड फंड' नावाचा एक निधी सुरू केला. गाव सोडून बाहेर नोकरीला गेलेल्यांनी आपल्या मिळकतीतला थोडा भाग गावाच्या कामासाठी काढून ठेवायचा, अशी कल्पना. परगावी राहणाऱ्या माणसांच्या लहान लहान वर्गण्यांतून मोठे काम उभे राहते हा धडा त्यांनी तिथेच गिरवला. पुढची सत्तर वर्षे ते हाच धडा दुसऱ्यांना शिकवत राहिले.

१८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई वारल्या. दुसरे लग्न करायचे तर विधवेशीच, असा त्यांचा निश्चय होता. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी विवाह केला. याच आपल्या बाया कर्वे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत काढलेल्या शारदासदनाच्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. या लग्नामुळे मुरुडच्या लोकांनी कर्व्यांना वाळीत टाकले. स्वतःच्या गावात, स्वतःच्या आईच्या घरी जेवायला बसण्याची चोरी झाली. ज्या गावासाठी फंड काढला, त्याच गावाने दार लावले.

आश्रम

या अनुभवाने अण्णांच्या (सगळे त्यांना अण्णाच म्हणत) ध्यानात एक गोष्ट आली. पुनर्विवाहाला तयार होणाऱ्या विधवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या हजारोंचे काय? केशवपन केलेली, घरात दिवसभर राबणारी, कोणाच्याही शुभकार्यात जिला पुढे येऊ देत नाहीत अशी वीस वर्षांची मुलगी. तिला लग्नापेक्षा आधी स्वतःच्या पायावर उभे राहण्याची गरज होती. त्यासाठी शिक्षण हवे आणि शिक्षणासाठी राहायला जागा हवी. १८९६ साली पुण्यात 'अनाथ बालिकाश्रम मंडळी' स्थापन झाली. आश्रमात विधवांची लग्ने लावली जाणार नाहीत, तिथे फक्त शिक्षण मिळेल, असे अण्णांनी जाहीर केले. सुधारकांपैकी काहींना ही माघार वाटली. पण ज्यांच्या घरात विधवा मुली होत्या त्या बापांचा आणि भावांचा विश्वास मिळवल्याशिवाय एकही मुलगी आश्रमात येणार नव्हती.

महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली, म्हणजे अण्णांच्या जन्माच्याही दहा वर्षे आधी. पंडिता रमाबाईंचे काम तर डोळ्यांसमोरच चालू होते. तेव्हा अण्णांनी शून्यातून सुरुवात केली असे नव्हे. वाट आधीच पडली होती, अण्णांनी ती पुढे नेली.

१८९९ च्या जानेवारीत आश्रम पुण्यात सदाशिव पेठेत सुरू झाला. पण शहरात प्लेगाची साथ होती. रावबहादूर गोखले यांनी शहराबाहेर हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि ७५० रुपये दिले होते. तिथे पाचशे रुपये खर्चून एक झोपडी बांधली आणि १९०० साली आश्रम तिकडे हलला. हिंगण्याला त्या वेळी धड रस्ता नव्हता. पावसाळ्यात चिखल, रात्री काळोख. अण्णा दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, संध्याकाळी पायी हिंगण्याला जात, मुलींना शिकवत आणि सकाळी परत कॉलेजात हजर होत. आपली विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाच्या नावे करून टाकली. बाया कर्व्यांना या व्यवहाराचे काय वाटले असेल, हे संसार करणाऱ्या कोणत्याही बाईला सांगायला नको. त्यांनी पुढे 'माझे पुराण' या आत्मचरित्रात आपल्या बाजूची हकीकत मोकळेपणाने लिहिली आहे. आमच्या वाचक भगिनींनी ते पुस्तक अवश्य मिळवून वाचावे. थोर माणसाच्या घरात खर्चाची तोंडमिळवणी कोणाला करावी लागते ते त्यातून कळते.

आश्रमाला माणसे मिळाली तीही अशीच. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या. आश्रमात शिकून त्या आश्रमाच्याच कार्यकर्त्या झाल्या आणि गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागल्या. १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या. इंग्रजी बेताचेच, जवळ पैसा नाही. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या, भाषा शिकल्या आणि १९२० साली परतल्या. त्यांची 'माझी कहाणी' प्रसिद्ध आहे. परक्या देशात परक्याच्या घरी काम करून दिवस काढणे म्हणजे काय, हे आपल्याकडे कुवेतमध्ये कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

एक पायरी, मग दुसरी

पुढचा विस्तार कोणी आराखडा काढून केलेला नाही. एक गरज भागली की तिच्यातून दुसरी निघत गेली. आश्रम विधवांसाठी होता, म्हणून कुमारिका आणि सवाष्ण बायका तिथे येत नसत. त्यांच्यासाठी १९०७ साली महिला विद्यालय निघाले. या संस्थांना जन्मभर वाहून घेणारी माणसे हवीत म्हणून १९०८ साली निष्काम कर्म मठ स्थापन झाला. त्यातील सेवकांनी पोटापुरते घेऊन काम करायचे होते.

विद्यालय झाले. मुली शिकू लागल्या. आता पुढे काय? पुढे मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक, म्हणजे सगळे शिक्षण इंग्रजीतून. ज्या मुलीला घरात दोन वेळचा स्वयंपाक करून अभ्यास करायचा आहे, जिची वर्षे लग्नाने नाही तर वैधव्याने आधीच वाया गेली आहेत, तिची अर्धी शक्ती परकी भाषा घोकण्यात जायची. इतिहास कळण्याआधी इतिहासाचे इंग्रजी पाठ करायचे. अण्णा स्वतः आयुष्यभर गणित शिकवलेले गृहस्थ. डोक्यात विषय शिरणे वेगळे आणि भाषा शिरणे वेगळे, हे त्यांना रोज वर्गात दिसत होते.

याच सुमारास बनारसचे बाबू शिवप्रसाद गुप्त यांनी पाठवलेली एक पुस्तिका त्यांच्या हाती आली. तोक्यो येथे १९०१ साली स्थापन झालेल्या जपानी महिला विद्यापीठाची ती माहिती होती. एक आशियाई देश आपल्या मुलींना आपल्याच भाषेत उच्च शिक्षण देतो आहे, तेही खासगी प्रयत्नातून, हे वाचून त्यांच्या मनातल्या विचाराला आकार आला. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या भाषणात त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. त्यांचे वय तेव्हा ५७ होते. फर्ग्युसनमधून ते आदल्याच वर्षी निवृत्त झाले होते. अशा वयात माणूस पेन्शनीचा हिशेब करतो.

पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ

परिषदेनंतर अवघ्या सहा महिन्यांत, १९१६ च्या जूनमध्ये, विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलपती झाले. संस्कृतचे हे जगप्रसिद्ध पंडित, आणि १८९१ साली स्वतःच्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून देणारे बाप. कुलगुरू झाले रँग्लर र. पु. परांजपे. ते अण्णांच्या नात्यातले, त्यांच्याच घरी राहून शिकलेले. जुलैमध्ये हिंगण्याला महिला पाठशाळा, म्हणजे विद्यापीठाचे पहिले कॉलेज, सुरू झाले. विद्यार्थिनी किती? पाच.

या विद्यापीठाच्या तीन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमासाठी प्रसिद्ध आहे, पण ते १९१८ चे. त्याच्या दोन वर्षे आधी हिंगण्याला पदवीपर्यंतचे शिक्षण मराठीतून सुरू झाले होते. पदव्यांची नावेसुद्धा आपल्या भाषेला शोभतील अशी ठेवली होती. बी.ए.च्या जागी 'गृहीतागमा', एम.ए.च्या जागी 'प्रदेयागमा'. इंग्रजी मात्र एक विषय म्हणून सक्तीचे ठेवले होते. महात्मा गांधींना मातृभाषेचे माध्यम पसंत होते, पण इंग्रजीची सक्ती पसंत नव्हती. अण्णांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि आपले मत कायम ठेवले. मुलीने शिकावे मराठीतून, पण इंग्रजीचे दार तिला बंद असू नये, असा त्यांचा विचार होता.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाची. त्यात गृहशास्त्र आणि आरोग्य यांना मोठे स्थान होते. यावर त्या काळी टीका झाली आणि ती अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. मुलींचे विद्यापीठ वेगळे काढले की त्याला दुय्यम समजले जाते आणि 'तुम्हाला काय, स्वयंपाकाची पदवी' असे ऐकून घ्यावे लागते. आश्रमात सुरुवातीला मुख्यतः ब्राह्मण विधवाच होत्या, हीही मर्यादाच. पुढे अण्णांची दृष्टी विस्तारत गेली. १९३६ साली त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि १९४४ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, जातिभेद नाहीसा व्हावा म्हणून समता संघ स्थापन केला. पण या गोष्टी नंतरच्या. मुळातल्या उणिवा झाकून ठेवण्याने त्यांचा मोठेपणा वाढत नाही.

तिसरी गोष्ट मान्यतेची, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. या विद्यापीठाला सरकारी सनद नव्हती. वर्गणीदारांनी निवडलेले नियामक मंडळ कारभार पाहत असे, आपल्याकडे सभासद कार्यकारिणी निवडतात तसेच. सनद नाही म्हणून पदवीला सरकारदरबारी किंमत नाही. त्या पाच जणींनी काय धाडस केले असेल याची कल्पना करून पाहावी. आधीच समाज म्हणणार, मुलीला कशाला शिकवता. त्यातून शिकवलेच, तर ज्या पदवीवर सरकारी नोकरी मिळणार नाही ती कशाला? तरीही त्या आल्या आणि त्यांच्या मागून इतर येत गेल्या. विद्यापीठ चालवणाऱ्यांचे कौतुक आपण नेहमी करतो. न मानलेली पदवी घेणाऱ्या या मुलींची आठवण मात्र फारसा कोणी काढत नाही.

पंधरा लाख आणि चार आणे

विद्यापीठ चालायचे ते वर्गणीवर. अण्णा पावतीपुस्तक घेऊन देशभर हिंडले. अशात १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. जपानच्या प्रवासात त्यांनी तिथले महिला विद्यापीठ पाहिले होते. देणगीबरोबर विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. हीच ती एस.एन.डी.टी. ही अक्षरे.

पंधरा लाख मिळाल्यावर एखादा माणूस स्वस्थ बसला असता. अण्णांनी पावतीपुस्तक खाली ठेवले नाही. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते युरोप, अमेरिका आणि जपानच्या दौऱ्यावर निघाले. त्यातून परत येऊन वर्षही झाले नाही तो १९३० च्या डिसेंबरात आफ्रिकेला गेले. मोंबासा, केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा सुमारे पंधरा महिन्यांचा हा प्रवास. तिथे कोण होते? आपल्यासारखेच लोक. दुकानदार, कारकून, रेल्वेत कामाला असलेले, डॉक्टर, शिक्षक. गुजराती, मराठी, पंजाबी, सारेच. आपल्या मुलीबाळींच्या शाळेची तिथे पंचाईत असताना त्यांनी हजारो मैलांवरच्या पुण्यातल्या मुलींसाठी पैसे दिले. एस.एन.डी.टी.च्या भिंतींत ठाकरसींच्या लाखांबरोबर या परदेशस्थ माणसांचे शिलिंगही आहेत. पाटीवर नाव एकाचेच असते. तशी रीतच आहे, आणि त्यात ठाकरसींकडे कमीपणा नाही. पण मोठी देणगी येण्याआधी लहान वर्गण्यांनी संस्था जिवंत ठेवली होती म्हणूनच ती देणगी घ्यायला संस्था जागेवर होती, हेही विसरू नये.

सरकारी मान्यता

१९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे पुण्याहून मुंबईला हलले. १९३० च्या दशकात पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आलेल्या इरावतीबाई कर्वे, म्हणजे अण्णांच्या सूनबाई, यांनीही विद्यापीठाचे प्रशासकीय काम पाहिले. देश स्वतंत्र झाल्यावर १९४९ साली मुंबई सरकारने विद्यापीठाचा कायदा केला आणि १९५१ साली एस.एन.डी.टी. हे कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ बनले. पाच मुलींपासून मान्यतेपर्यंत ३५ वर्षे गेली. सर विठ्ठलदास १९२२ सालीच वारले होते. त्यांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषवले. झोपडीत संस्था सुरू झाली तेव्हा विधवेला घरातल्या मंगलकार्यात जागा नव्हती. आता एक विधवा कुलगुरूच्या खुर्चीवर होती.

सार्वजनिक झाल्याने काय मिळाले आणि काय गेले? मिळाले ते उघड आहे. पदवीला मान आला, अनुदान आले, महाराष्ट्राबाहेर, विशेषतः गुजरातेत, कॉलेजे जोडली गेली. चर्चगेटबरोबर जुहू आणि पुण्याचे कर्वे रस्त्यावरचे आवार उभे राहिले. नर्सिंग, तंत्रनिकेतन, ग्रंथालयशास्त्र आणि अभियांत्रिकीही आली. १९७४ साली स्त्रीविषयक अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले, ते देशातले पहिले. डॉ. नीरा देसाई यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडलेले आहे. म्हणजे ज्या विद्यापीठाला 'स्वयंपाकाची पदवी' म्हणून हिणवले, त्यानेच बाईच्या घरातल्या कामाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहायला देशाला शिकवले. अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरलाही विद्यापीठाचे केंद्र झाले आहे. २०१६ साली विद्यापीठाला शंभर वर्षे पूर्ण झाली.

गेले ते हळूहळू गेले. 'गृहीतागमा' जाऊन बी.ए. आले, कारण बाहेर कोणाला तो शब्द कळेना. मातृभाषेबरोबर इंग्रजी माध्यम आले आणि वाढत गेले. वर्गणीदारांचा कारभार संपून सरकारी नियम आले. याबद्दल हळहळ वाटली तरी तक्रार करता येत नाही. ज्या मुलीला नोकरी हवी तिला बाजारात चालणारी पदवी हवी, आणि तिच्या गरजेसाठीच तर हे सारे मांडले होते.

अण्णांना १९५५ साली पद्मविभूषण आणि १९५८ साली, त्यांच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते वारले तेव्हा वय १०४ होते. हिंगण्याला आज लोक कर्वेनगर म्हणतात. मूळ आश्रम चालवणारी संस्था आता महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्था या नावाने तिथेच काम करते आहे. बाजूला विद्यापीठ वाढले म्हणून मूळ शाळा बंद पडली नाही, हीही समाधानाची गोष्ट आहे.

आपल्या अंगणातली अशीच एक गोष्ट

वाचकहो, ही गोष्ट फक्त पुण्यामुंबईची नाही. आपण ज्या देशात राहतो तिथेही असेच झाले. कुवेतमधली पहिली आधुनिक शाळा मुबारकिया. ती १९११ साली सुरू झाली, तेव्हा इथे तेल सापडले नव्हते. लोक मोत्यांवर आणि जहाजांवर पोट भरत होते. शाळा उभी राहिली ती व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून. मोठ्या देणगीदारांत मुंबईत मोत्यांचा व्यापार करणारे अल-इब्राहिम घराण्यातले कुवेती होते. तेव्हा इथे चलनही रुपयाच होता आणि तो १९६१ पर्यंत राहिला. म्हणजे जे आज आपण इथे बसून गावाकडच्या शाळेसाठी करतो, तेच त्या काळी मुंबईत बसलेल्या कुवेती माणसांनी आपल्या गावासाठी केले. १९२१ साली अहमदिया शाळा निघाली. ज्या शेख अहमद अल-जाबेर यांचे नाव त्या शाळेला आहे, त्यांचेच नाव आपल्या अहमदी गावाला आहे. १९३६ साली शिक्षणाची जबाबदारी सरकारी शिक्षण मंडळाकडे आली आणि लगेचच मुलींची सरकारी शाळा निघाली. १९६६ साली कुवेत विद्यापीठ सुरू झाले ते ४१८ विद्यार्थी आणि ३१ अध्यापकांवर. त्यात पहिल्या दिवसापासून मुलींचे स्वतंत्र कॉलेज होते. आज शदादियाच्या नव्या विद्यापीठनगराच्या भल्या मोठ्या इमारती रस्त्यावरून जाताना दिसतात. त्यांचेही मूळ वर्गणीच्या शाळेतच आहे.

आपण काय घ्यायचे

आपल्या शुक्रवारच्या मराठी वर्गाबद्दल काही पालक दरवर्षी एकच प्रश्न विचारतात, "याचे सर्टिफिकेट मिळते का? पुढे कुठे उपयोगी पडते का?" प्रश्न रास्त आहे. मुले आठवडाभर इंग्रजी शाळेत शिकतात, त्यांना सुटी थोडीच मिळते आणि प्रत्येक घराला बारावीनंतरच्या प्रवेशाची धास्ती आहे. मुलीला एकटीला भारतात कुठे ठेवायचे, या विचाराने कित्येक घरांतली झोप उडते. तिथे 'कुसुमाग्रज वाचायला शिकव' म्हणणे सोपे नाही. खरे उत्तर हेच आहे की, नाही, या वर्गाला कोणाची मान्यता नाही आणि बहुधा कधी मिळणारही नाही. आपला वर्ग काही उद्या विद्यापीठ होणार नाही, अशी थाप आम्ही मारणार नाही.

पण अण्णांच्या त्या पाच विद्यार्थिनींनाही 'पुढे काय' याचे उत्तर मिळाले नव्हते. मान्यता ३५ वर्षांनी आली, ती कोणीतरी आधी ३५ वर्षे मान्यतेविना शिकत आणि शिकवत राहिले म्हणून. आणि मातृभाषेतून शिकावे, पण इंग्रजीही पक्के असावे, हा त्यांनी काढलेला मार्ग आपल्या घरांना आजही चालण्यासारखा आहे. दोहोंपैकी एकच निवडा असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. मुलांना इंग्रजी शाळा देत आहे, ते उत्तमच आहे. मराठी आपणच द्यायला हवी. ती देणारे दुसरे कोणी अहमदीत नाही.

दुसरे असे की, वर्गाला पैसे थोडेच लागतात, माणसे जास्त लागतात. अण्णा दिवसभराची नोकरी करून पायी हिंगण्याला जात. आपल्याकडे फहाहीलहून अहमदीला यायला गाडी आहे. शिकवणाऱ्या दोघी-तिघींवरच दरवर्षी सगळा भार पडतो, तो वाटून घेतला पाहिजे. महिन्यातून एक शुक्रवार जरी प्रत्येक घराने दिला तरी वर्ष सुरळीत पार पडेल.

आणखी एक विनंती. एस.एन.डी.टी.च्या कोणत्याही कॉलेजात शिकलेल्या, किंवा बाहेरून परीक्षा दिलेल्या, आपल्या मंडळातल्या भगिनींनी आपली आठवण एका पानात लिहून द्यावी. वसतिगृह, शिक्षिका, परीक्षा, पहिली नोकरी, काहीही चालेल. अक्षर कसेही असू द्या, आम्ही नीट उतरवून घेऊ. पुढच्या अंकात त्या सगळ्या एकत्र छापण्याचा विचार आहे, म्हणजे आपल्या मुलींना या विद्यापीठाची बाकीची हकीकत घरच्याच माणसांकडून वाचायला मिळेल.